शब्दवेध : नुकसानभरपाई

‘नुकसान’ हा अरबी शब्द फारसीच्या वाटेने आपल्या दफ्तरांत रुजला, आणि त्याचा मूळ अर्थ न्यूनता, उणेपणा. ‘भरपाई’ मात्र अस्सल देशी, ‘भरणे’ आणि ‘पावणे’ यांच्या संयोगाची, जिची साक्ष ‘रक्कम भरून पावलो’ हे पावतीवरचे वाक्य देते. कायद्यात ही भरपाई आकड्यांत मोजली जाते: मोटार अपघात दावा न्यायाधिकरण १९८८च्या मोटार वाहन अधिनियमाच्या १६८व्या कलमान्वये मृताच्या वारसांस ‘न्याय्य’ रक्कम ठरविते, तेव्हा मृताच्या वार्षिक उत्पन्नातून त्याचा स्वतःचा खर्च वजा करून उरलेल्या आकड्यास वयानुरूप गुणक लावते, जो सर्वोच्च न्यायालयाच्या २००९च्या निर्णयाप्रमाणे तीस वर्षांच्या कमावत्यास १७, तर साठ वर्षांच्यास ९ असतो. भरपाईचा अर्ज अपघातस्थळाच्या न्यायाधिकरणाकडेच करावा असे बंधन नाही; दावेदार राहतो तेथील न्यायाधिकरणाकडेही तो दाखल करता येतो.