दांडी ते त्र्यंबक: घळींच्या मुलखातली जुनी वाट

पालघर तालुक्यातले दांडी हे समुद्रकाठचे मच्छीमारांचे गाव. तिथून पूर्वेला निघाले की बोईसर, सूर्या नदी, विक्रमगड, जव्हारचे पठार आणि मोखाड्यापलीकडे सह्याद्रीची धार लागते. रेल्वे येण्यापूर्वी या पट्ट्यातले मीठ आणि सुकी मासळी माणसांच्या डोक्यावरून किंवा पाठाळाच्या बैलांवरून वर जाई. नागली, वरई, हिरडा, मध खाली येई. त्र्यंबकपर्यंतचे अंतर सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. लादलेल्या बैलांसह त्याला आठवड्याहून अधिक काळ लागे.

वाट कुठून जावी हे नद्यांनी ठरवले. वैतरणा, पिंजाळ, वाघ यांनी काळ्या कातळात खोल, अरुंद घळी कापल्या आहेत. जव्हारजवळ दाभोसा येथे लेंढी नदी सुमारे 300 फूट खाली कोसळते. घळीच्या तळाने चालणारा पुढच्या कड्याशी अडतो, म्हणून जुन्या वाटा डोंगरसोंडांवरून गेल्या आणि नदी उथळ असेल तिथेच खाली उतरल्या. याची किंमत पाण्यात मोजावी लागे. होळीनंतर सोंडा कोरड्या पडत आणि पाणी उरे ते खालच्या डोहांत. पावसाळ्यात उलट अडचण: उतार बंद, कातळ निसरडा. त्यामुळे चालीचा हंगाम दसऱ्यापासून फाल्गुनापर्यंतचाच. मुक्काम पाणवठा पाहून ठरे. जंगलात वाघाची भीती खरी होती. वारली पाड्यांच्या शिवेवर चंद्र-सूर्यासह कोरलेला वाघोबा आजही दिसतो.

नदी ओलांडण्याची सोय हे फार पूर्वीपासून पुण्यकर्म मानले गेले. सुमारे 1,900 वर्षांपूर्वी क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने नाशिकच्या लेण्यांतील शिलालेखात आपली दाने नोंदवली. त्यात दमण, दाहनुका इत्यादी नद्यांवर फुकट नावा ठेवल्याचा, तसेच शूर्पारक आणि गोवर्धन येथे प्रवाशांसाठी निवारे बांधल्याचा उल्लेख आहे. दाहनुका म्हणजे डहाणूची नदी आणि गोवर्धन नाशिकजवळचे. उत्तर कोकणातल्या पायी प्रवासाचा याहून बोलका जुना पुरावा क्वचितच सापडेल.

ज्याच्या हाती सोंड आणि खिंड, त्याच्या हाती वाट. पायथ्याशी अशेरीगडासारखे किल्ले तिच्यावर नजर ठेवून होते, तर वरचा मुलूख चौदाव्या शतकापासून जव्हारच्या मुकणे घराण्याकडे होता. जानेवारी 1664 मध्ये शिवाजी महाराज सुरतेवर गेले ते याच डोंगराळ भागातून. जव्हारजवळच्या शिरपामाळावर राजा विक्रमशहाने त्यांचे स्वागत केल्याचे सांगतात. 1672 मध्ये मोरोपंत पिंगळे यांनी जव्हार जिंकले. सुरत आणि नाशिक या दोन्ही बाजूंना उघडणारे हे पठार हाती असणे मराठ्यांना किती मोलाचे होते, ते नकाशा पाहताच पटते.

1864 मध्ये किनाऱ्याने, बोईसरवरून, मुंबई-सुरत रेल्वे धावू लागली. पुढच्याच वर्षी कसारा-इगतपुरी घाटातला लोहमार्ग खुला झाला. घाटमाथ्याचा माल तिकडे वळला आणि तांड्यांची वर्दळ ओसरली. पुढे घळींचे रूपही पालटले. मुंबईच्या पाण्यासाठी वैतरणेवर 1950च्या दशकात मोडकसागर आणि 2014 मध्ये मध्य वैतरणा धरण झाले. सूर्येवर धामणी धरण उभे राहिले. नदीकाठचे काही जुने उतार जलाशयांखाली गेले. सोंडांवरच्या वाटा मात्र पाड्यापाड्यांना जोडत अजून वापरात आहेत, आणि पौषात निवृत्तिनाथांच्या यात्रेसाठी या भागातल्या दिंड्या त्र्यंबकला पायीच जातात.