वनमालाबाईंचे पदक

१९५४ साली राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक आचार्य अत्र्यांच्या 'श्यामची आई'ला मिळाले, हे सामान्यज्ञानाच्या प्रत्येक पुस्तकात असते. 'दो बिघा जमीन'ला नुसते गुणवत्ता प्रमाणपत्र! पण ती आई जिने उभी केली, त्या वनमालाबाईंना काय मिळाले? काहीच नाही. अभिनयाचे राष्ट्रीय पुरस्कार सुरू झाले ते थेट १९६७ च्या चित्रपटांपासून. पहिले मानकरी उत्तमकुमार आणि नर्गिस. फिल्मफेअर १९५४ मध्येच सुरू झाले होते, पण ते हिंदीपुरते. (तिथेही 'दो बिघा'ला चित्रपटाचे बक्षीस, बिमल रॉयना दिग्दर्शनाचे, रिक्षा ओढणारे बलराज साहनी मात्र रिकाम्या हाताने परतले. अभिनयात दिलीपकुमार जिंकले, 'दाग'साठी.) माधव वझेंच्या श्यामचे सगळे कौतुक करतात, करावेच. पण त्याला रागे भरताना स्वतःच कासावीस होणारी वनमालाबाईंची आई मला जास्त अवघड काम वाटते.