टॅटूची जखम आणि तिचे राखणदार

१/१८
टॅटूच्या नक्षीविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. सुई बाजूला ठेवल्यानंतरच्या दोन-तीन आठवड्यांविषयी मात्र फारच थोडे. वस्तुतः टॅटू म्हणजे हौसेने वा श्रद्धेने करून घेतलेली जखम. ती भरेपर्यंत तिची राखण कोणी करायची, या प्रश्नाला निरनिराळ्या समाजांनी निरनिराळी उत्तरे दिली. उत्तर चुकले, तेव्हा त्याची किंमत माणसांनी आजाराने आणि कधी प्राणाने मोजली. (थ्रेड)

२/१८
आधी शरीराची बाजू. त्वचेचा सर्वांत वरचा थर सतत झडत असतो. तेथे भरलेला रंग काही आठवड्यांत निघून जाईल. म्हणून रंग त्याखालच्या थरात पोहोचवावा लागतो आणि त्यासाठी वरचा थर असंख्य ठिकाणी भेदावा लागतो. पहिले एक-दोन दिवस लस पाझरते, मग पापुद्रे सुटतात, खाज येते. वरची त्वचा सांधायला साधारणपणे दोन ते तीन आठवडे लागतात. तोवर जंतूंना आत शिरायला वाट मोकळी असते.

३/१८
'टॅटू' हा शब्द पॉलिनेशियातील 'ताताउ'वरून युरोपात गेला. कॅप्टन कुकच्या जहाजावरील निसर्गअभ्यासक जोसेफ बँक्स याने जुलै १७६९ मध्ये ताहिती बेटावर एका लहान मुलीला गोंदताना पाहिले. हत्याराला सुमारे तीस दाते होते आणि मिनिटाला शंभराच्या आसपास ठोके पडत होते. प्रत्येक ठोक्याबरोबर किंचित रक्ताळलेली लस बाहेर येत होती, अशी नोंद त्याने केली. जखम भरण्याची सुरुवात या लसीपासूनच होते.

४/१८
सामोआ बेटांवर पुरुषाला कंबरेपासून गुडघ्यांपर्यंत गोंदण्याची परंपरा आजही जिवंत आहे. हे काम अनेक बैठकांत चालते. गोंदवून घेणारा एकटा नसतो: शेजारी नातलग बसतात, मदतनीस कातडी ताणून धरतात, रक्त पुसतात. बैठक संपली की अंग धुणे आणि गोंदलेला भाग चोळून मोकळा करणे ही कामे घरची माणसे करतात. गोंदण अर्धवट सोडणे हा साऱ्या कुटुंबाला कमीपणा मानला जातो. त्यामुळे जखमेची चिंताही कुटुंबाचीच असते.

५/१८
सामोआतील समारोपाच्या विधीत, ज्याचे गोंदण पुरे झाले त्याच्या अंगाला खोबरेल तेल आणि हळद लावतात. मराठी घराला हे दृश्य परके वाटणार नाही. हळद मूळची आशियातली. पॉलिनेशियन लोकांच्या पूर्वजांनी आपल्या होड्यांतून जी मोजकी उपयोगी झाडे बेटोबेटी नेली, त्यांत हळदीचा कंदही होता.

६/१८
न्यूझीलंडच्या माओरी समाजात नियम अधिक कडक होते. तेथे चेहऱ्यावरचे 'मोको' हाडाच्या छिन्नीने कोरले जाई. त्वचेत खरोखरच चर पडत. चेहरा इतका सुजे की चावणे कठीण होई. गोंदवून घेणारी व्यक्ती त्या काळात 'तापू', म्हणजे पवित्र आणि म्हणूनच अस्पर्श मानली जाई. तिने अन्नाला हात लावायचा नाही, असा दंडक होता.

७/१८
मग तिने जेवायचे कसे? त्यासाठी माओरींनी 'कोरेरे' नावाचे कोरीव लाकडी नरसाळे घडवले. त्यातून पातळ अन्न दुसऱ्याने तोंडात ओतायचे. सुजलेल्या चरांवर 'काराका' झाडाची पाने लावत. या दंडकामागचे कारण धार्मिक होते, जंतूंची कल्पना कोणालाच नव्हती. परिणाम मात्र व्यवहारी होता: ताज्या जखमेला अन्नाचा आणि खरकट्या हाताचा स्पर्श होत नसे आणि रुग्णाची शुश्रूषा करणारे माणूस ठरलेले असे.

८/१८
महाराष्ट्रातील गोंदण आकाराने लहान. कपाळावर टिपका, हातावर तुळस किंवा विंचू, मनगटावर नाव. जत्रेत वा आठवडी बाजारात गोंदणारी बाई भेटे. एकत्र बांधलेल्या सुयांनी ती काजळाचा रंग भरी. वर तेल-हळद लागे. मेल्यावर सोबत येते ते फक्त गोंदण, अशी श्रद्धा होती. गोंदणारी पुढच्या गावाला निघून जाई. सुजलेला हात जपण्याचे काम उरे आई-आजीकडे.

९/१८
या सगळ्या रीती निर्दोष होत्या असे नव्हे. त्याच सुया अनेकींच्या अंगात शिरत. जखमा चिघळत, ताप येत. परंतु एक गोष्ट सगळीकडे समान होती: सुई आणि शुश्रूषा यांची फारकत झालेली नव्हती. ती झाली बंदरांत.

१०/१८
एकोणिसाव्या शतकात युरोप-अमेरिकेतील खलाशांमध्ये गोंदवून घेण्याचे वेड पसरले. पॉलिनेशियातून शब्द आला, हौस आली. नातलग, नियम आणि नरसाळे मागेच राहिले. खलाशी बंदरावर किंवा जहाजावर गोंदवून घेई आणि लगेच कामाला लागे. फ्रेंच नौदलातील शल्यवैद्य अर्नेस्ट बेर्शों याने अशा गोंदणांतून उद्भवलेल्या गंभीर व्याधींचा पाठपुरावा केला आणि १८६९ साली टॅटूचा वैद्यकीय इतिहास ग्रंथरूपाने मांडला.

११/१८
१८७८ साली अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथील मॉरी आणि डलेस या डॉक्टरांनी एक धक्कादायक माहिती प्रसिद्ध केली. एकाच माणसाकडून गोंदवून घेतलेल्या अनेकांना उपदंश, म्हणजे बोलीभाषेतली 'गरमी', जडली होती. गोंदणारा सुया व रंग स्वतःच्या थुंकीने ओला करत असे. उपदंशाचा जंतू सापडायला अजून २७ वर्षे होती. संसर्गाची वाट मात्र निरीक्षणाने सापडली. अशा वेळी घरी घेतलेली कितीही चांगली काळजी निरुपयोगी होती, कारण विष सुईबरोबरच आत गेले होते.

१२/१८
१८९१ मध्ये न्यूयॉर्कच्या सॅम्युअल ओरायली याने विजेवर चालणाऱ्या टॅटू यंत्राचे पेटंट घेतले. एडिसनच्या विद्युत-लेखणीवरून सुचलेले हे यंत्र तासांचे काम मिनिटांवर आणू लागले. दुकानांत गर्दी वाढली. कोपऱ्यात पाण्याची एक बादली आणि एक स्पंज. एकाचे रक्त पुसायचे, पिळायचे, त्याच स्पंजने दुसऱ्याचे पुसायचे. जोसेफ लिस्टरने शस्त्रक्रियेत जंतुनाशकांचा वापर मांडला होता १८६७ मध्ये. या दुकानांपर्यंत तो पोहोचायला अनेक दशके लागली.

१३/१८
अखेर १९६१ मध्ये न्यूयॉर्क शहराच्या आरोग्य विभागाने यकृतदाहाच्या, म्हणजे काविळीच्या, रुग्णांचे कारण देऊन गोंदण्याच्या व्यवसायावर बंदी घातली. कोनी आयलंड भागातील एका व्यावसायिकाने न्यायालयात दाद मागितली; न्यायालयाने बंदी कायम ठेवली. बंदी उठली १९९७ साली, तब्बल ३६ वर्षांनी. मधल्या काळात व्यवसाय थांबला नव्हता. तो बंद दारांआड गेला होता.

१४/१८
बंदीच्या दुसऱ्याच वर्षी, १९६२ मध्ये, जॉर्ज विंटर या ब्रिटिश संशोधकाने डुकरांच्या त्वचेवरील प्रयोग 'नेचर'मध्ये प्रसिद्ध केले. जखम उघडी ठेवून वाळवली तर लवकर भरते, ही जुनी समजूत. विंटरने दाखवले की पातळ प्लास्टिकखाली ओलसर राखलेल्या जखमेवर नवी त्वचा सुमारे दुप्पट वेगाने चढते. आज टॅटूवर चिकटवली जाणारी पारदर्शक पट्टी आणि मलमाचा पातळ थर हे याच विचाराचे वारसदार.

१५/१८
१९९७ हे वर्ष हळदीसाठीही महत्त्वाचे ठरले. जखम भरण्यासाठी हळदीचा वापर, या 'शोधाला' अमेरिकेने १९९५ मध्ये मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राच्या नावे पेटंट दिले होते. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील सीएसआयआरने त्याला आव्हान दिले. संस्कृत ग्रंथ आणि १९५३ चा एक भारतीय वैद्यकीय लेख पुराव्यात ठेवले गेले आणि पेटंट रद्द झाले. आजीचे ज्ञान कागदावर सिद्ध झाले. तरीही डब्यातली हळद निर्जंतुक नसते, हे ताज्या टॅटूबाबत विसरता येत नाही.

१६/१८
आधुनिक काळातही दोन्ही टोकांना चूक घडते. २०११ च्या अखेरीस न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर येथे १९ जणांच्या टॅटूवर चिवट पुरळ उठले. उगम निघाला आधीच पातळ करून विकलेल्या दूषित करड्या शाईत. उलट २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका वैद्यकीय नोंदीत, यकृताचा जुना आजार असलेला ३१ वर्षांचा तरुण टॅटूनंतर पाचव्या दिवशी मेक्सिकोच्या आखातात पोहला. कोमट समुद्रातील 'व्हिब्रिओ' जंतू शरीरात शिरले आणि अखेर त्याचा मृत्यू झाला.

१७/१८
शरीर या जखमेचे नेमके काय करते, याचा मोठा उलगडा २०१८ मध्ये मार्सेय येथील संशोधकांनी उंदरांवरील प्रयोगांतून केला. परकी वस्तू गिळणाऱ्या भक्षक पेशी रंगाचे कण गिळतात, पण पचवू शकत नाहीत. पेशी मेली की कण सुटतात आणि शेजारची नवी पेशी ते पुन्हा गिळते. वरची त्वचा भरते. आतली राखण चालूच राहते. टॅटू टिकतो तो या अखंड हस्तांतरामुळे.

१८/१८
आजचे नियम साधे आहेत. स्वच्छ हात, सौम्य साबण आणि कोमट पाणी, मलमाचा पातळ थर. खपली खरवडायची नाही. जखम भरेपर्यंत तलाव, समुद्र आणि कडक ऊन टाळायचे. लाली पसरली, पू झाला वा ताप आला तर डॉक्टर गाठायचा. पूर्वी असे नियम पाळून घ्यायला घर, नातलग आणि दंडक होते. आज दुकानातून निघताना सूचनांचा एक कागद मिळतो आणि राखणदाराचे काम ज्याचे त्याने करायचे असते. निर्जंतुक सुई मिळवायला माणसाला शंभरावर वर्षे लागली. तिच्यानंतरचे दोन-तीन आठवडे अजूनही कोणीतरी जागेपणी सांभाळावेच लागतात.