कंपनीतली उमेदवारी

दरवर्षी परीक्षा आटोपल्या की महाविद्यालयांतली अनेक मुले-मुली अंधेरी-गोरेगावच्या निर्मितीसंस्थांत, मालिकांच्या सेटवर, संकलनाच्या खोल्यांत दोन महिन्यांची उन्हाळी इंटर्नशिप करायला जातात. मनोरंजनाच्या धंद्यात शिरण्याची हीच आता रूढ वाट झाली आहे. या दोन महिन्यांत ती काय शिकतात, त्यांना कोण शिकवते आणि शिकवणाऱ्याला त्यात कोणता रस असतो, हे प्रश्न मात्र क्वचितच विचारले जातात. मराठी नाटक-सिनेमाच्या इतिहासात डोकावले तर त्यांची उत्तरे सापडतात. आपल्याकडे या धंद्यातले शिक्षण कित्येक दशके उमेदवारीतूनच झाले आणि त्यातून असामान्य माणसे घडली. हे शिक्षण केवळ गुरूंच्या औदार्यावर टिकले नव्हते, असे माझे म्हणणे आहे. शिकलेला माणूस उद्याही आपल्याच कंपनीत कामाला असणार, हा मालकाचा हिशेब त्यामागे होता. तो हिशेब मोडला तेव्हा उमेदवार उरले, पण त्यांना शिकवण्याची जबाबदारी कोणाचीच राहिली नाही.

या परंपरेचा पहिला पाया संगीत नाटकमंडळींनी घातला. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आले आणि त्यानंतरच्या चाळीस-पन्नास वर्षांत मंडळी हीच नटाची शाळा झाली. केशवराव भोसले बालवयातच स्वदेशहितचिंतक मंडळीत आले, ‘शारदा’त गाजले आणि १९०८ साली, विशीही ओलांडली नसताना, त्यांनी ललितकलादर्श काढली. नारायणराव राजहंस १९०५ साली किर्लोस्कर मंडळीत दाखल झाले आणि १९१३ साली गंधर्व नाटक मंडळीचे एक मालक झाले. मंडळी गावोगाव फिरत असे. तिच्या बिऱ्हाडातच मुलाचे जेवणखाण, राहणे आणि तालीम होई. त्याचा खर्च मंडळी आनंदाने करी, कारण आज कोरसमध्ये उभा राहणारा मुलगा चार वर्षांनी मोठी भूमिका पेलणार होता. नव्या मुलाला पदे, चाली, उभे राहणे, नजर टाकणे शिकवले नाही तर पुढच्या हंगामात नाटक उभे राहणार नाही, हे व्यवस्थापकाला पक्के ठाऊक होते. मंडळीच्या जमाखर्चात तालीम ही पुढच्या हंगामाची गुंतवणूक होती.

हीच रीत कोल्हापुरात सिनेमाच्या धंद्यात उतरली. बाबूराव मेस्त्री, म्हणजे बाबूराव पेंटर, आणि त्यांचे चुलतबंधू आनंदराव नाटकांचे पडदे रंगवत. १९१६ साली आनंदराव गेले, पण त्या दोघांचा सिनेमाचा ध्यास बाबूरावांनी सोडला नाही. महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली आणि १९२० साली ‘सैरंध्री’ पडद्यावर आला. त्या वेळी हे काम शिकवणारी शाळा देशात कुठेही नव्हती. कॅमेरासुद्धा बाबूरावांनी आणि त्यांच्या साथीदारांनी स्वतः घडवला होता. त्यामुळे कंपनीत येणाऱ्या प्रत्येकाला काम तिथेच शिकावे लागे. गंधर्व मंडळीत बालनट म्हणून काही काळ काढलेला आणि हुबळीच्या सिनेमागृहात पडेल ते काम केलेला शांताराम वणकुद्रे विशीच्या उंबरठ्यावर या कंपनीत आला. झाडलोट, रंगकाम, लॅबोरेटरी, अभिनय असे जे पुढ्यात येईल ते त्याने केले. १९२१ च्या ‘सुरेखाहरण’मध्ये तो कृष्ण झाला, १९२५ च्या ‘सावकारी पाश’मध्ये तरुण शेतकरी झाला आणि १९२७ साली ‘नेताजी पालकर’ त्याने दिग्दर्शित केला. झाडलोटीपासून दिग्दर्शनापर्यंतची ही वाट सुमारे सात वर्षांची होती आणि ती सगळी एकाच आवारात चालली. आजच्या दोन महिन्यांशी ताडून पाहण्यासारखी गोष्ट ही आहे.

१ जून १९२९ रोजी शांताराम, विष्णुपंत दामले, शेख फत्तेलाल, केशवराव धायबर आणि सीताराम कुलकर्णी यांनी कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी काढली. कुलकर्णी भांडवलाच्या बाजूने आले होते आणि बाकीचे चौघे बाबूरावांच्या हाताखाली तयार झालेले होते. त्यांची तयारी एका खात्यापुरती नव्हती, हे इथे ध्यानात घ्यायला हवे. दामल्यांनी पडदे रंगवले, यंत्रे हाताळली, बोलपट आल्यावर ध्वनिमुद्रण आत्मसात केले आणि फत्तेलालांबरोबर १९३६ चा ‘संत तुकाराम’ दिग्दर्शित केला. व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेलेला हा चित्रपट एका ध्वनिमुद्रकाने आणि एका कलादिग्दर्शकाने केला, यात नवल वाटण्याचे कारण नाही. चित्रपट म्हणजे सगळ्या खात्यांचे एकत्र काम, हे त्यांच्या उमेदवारीनेच त्यांना शिकवले होते. १९३३ साली पुण्याला आल्यावर प्रभातने हीच पद्धत पुढे चालवली. वसंत देसाई प्रभातमध्ये आले ते पडद्यावर दिसण्याच्या इच्छेने. ते गोविंदराव टेंब्यांचे साहाय्यक झाले आणि पुढे ‘शकुंतला’चे संगीतकार म्हणून नावारूपाला आले. ‘सांगत्ये ऐका’चे दिग्दर्शक अनंत माने प्रभातच्या संकलन खात्यात तयार झाले. मालाडच्या बॉम्बे टॉकीजमध्येही हेच घडले. तिथे लॅबोरेटरीत काम करणारा तरुण १९३६ च्या ‘जीवन नैया’त नायक झाला आणि अशोककुमार या नावाने ओळखला जाऊ लागला.

एवढी माणसे घडली ती त्या काळच्या माणसांच्या मोठेपणामुळे, असे मानणे सोपे आहे. तेवढ्याने भागत नाही. प्रभात आणि बॉम्बे टॉकीज या कारखान्यासारख्या चालणाऱ्या संस्था होत्या. नटापासून सुतारापर्यंत सगळे महिन्याच्या पगारावर होते. स्टुडिओ, लॅबोरेटरी, रंगशाळा, कपडेपट हे सगळे कंपनीचे होते. एक चित्रपट संपला की दुसरा लगेच सुरू करावा लागे, नाहीतर पगार अंगावर पडत. अशा घरात नवखा मुलगा चुकला तर त्याची चूक दुरुस्त करणे मालकाच्या फायद्याचे होते, कारण तोच मुलगा पुढच्या चित्रपटात तेच काम करणार होता. आणि एका खात्यात काम नसेल तेव्हा त्याला दुसऱ्या खात्यात पाठवणेही फायद्याचेच, कारण पगार तर दोन्हीकडे द्यायचाच होता. आज ज्याला बहुआयामी प्रशिक्षण म्हणतात ते पगारपत्रकाच्या गरजेतून आपोआप घडत होते.

ही व्यवस्था कशी मोडली याचा सर्वांत स्पष्ट पुरावा गुरुदत्त यांच्या उमेदवारीत मिळतो. उदय शंकर यांच्या अल्मोड्याच्या केंद्रात नृत्य शिकून हा तरुण १९४४ साली तीन वर्षांच्या करारावर प्रभातमध्ये आला. त्या तीन वर्षांत त्याने ‘चाँद’मध्ये छोटी भूमिका केली, ‘लाखारानी’त विश्राम बेडेकरांना दिग्दर्शनात साहाय्य केले आणि ‘हम एक हैं’मध्ये नृत्यदिग्दर्शन केले. एकाच कंपनीत तीन खाती, तेही पगारावर. १९४७ साली करार संपला आणि काही महिने त्याच्या हाताला काम नव्हते. त्यानंतर अमिय चक्रवर्ती, ग्यान मुखर्जी अशा दिग्दर्शकांकडे चित्रपटागणिक साहाय्यक म्हणून तो राहिला. १९५१ साली ‘बाजी’ मिळाला तो प्रभातमध्ये जोडलेल्या मैत्रीमुळे, देव आनंदमुळे. या अवधीत धंदाच पालटला होता. युद्धकाळातला नफा आणि काळा पैसा घेऊन नवे निर्माते आले. त्यांना स्टुडिओ बांधायचा नव्हता, भाड्याने घ्यायचा होता. त्यांनी नटांना चित्रपटागणिक मोठी बिदागी देऊ केली आणि मासिक पगारावर चालणाऱ्या कंपन्या त्या चढाओढीत टिकू शकल्या नाहीत. चित्रपट संपला की युनिट विखुरले, आणि विखुरणाऱ्या युनिटमध्ये नवख्याला शिकवण्यात कोणाचाच उद्याचा फायदा उरला नाही.

याला पहिला आक्षेप असा घेता येईल की ही जागा शासनाने भरून काढली. स. का. पाटील यांच्या अध्यक्षतेखालील चित्रपट चौकशी समितीने १९५१ च्या अहवालात चित्रपट शिक्षणसंस्थेची शिफारस केली आणि १९६० साली पुण्यात, बंद पडलेल्या प्रभातच्याच आवारात, ती संस्था सुरू झाली. तिने भारतीय सिनेमाला दिलेले छायाचित्रकार, संकलक, ध्वनिमुद्रक आणि दिग्दर्शक पाहता तिच्या मोलाबद्दल वाद नाही. पण संस्थेच्या जागा मोजक्या आहेत आणि धंद्याला लागणारी माणसे हजारोंनी आहेत. प्रकाशयोजनेचे कामगार, कपडेपट, रंगभूषा, सेटवरचे सुतारकाम, कंटिन्युटी सांभाळणारे साहाय्यक, ही सगळी माणसे आजही सेटवरच घडतात. शाळेने उमेदवारीची गरज संपवली नाही. ज्यांना शाळेत जागा मिळाली नाही त्यांची उमेदवारी मात्र पूर्वीपेक्षा निराधार झाली.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे आणि त्याला डावलता येणार नाही. जुन्या कंपन्यांचे गुणगान करताना त्यांतला जाच विसरला जातो, असे कोणी म्हटले तर ते खरेच आहे. नाटकमंडळीत गेलेल्या मुलांची शाळा सुटली, बालपण संपले. बाईला पडद्यावर जागा मिळाली, पण कॅमेऱ्यामागे, लॅबोरेटरीत, दिग्दर्शकाच्या खुर्चीत जवळजवळ नाही. दादासाहेब फाळक्यांच्या घरी फिल्मला छिद्रे पाडण्यापासून रसायने कालवण्यापर्यंतची कामे सरस्वतीबाईंनी केली, पण त्यांच्यामागोमाग स्त्री तंत्रज्ञांची पिढी उभी राहिली नाही. करारांचा काच तर १९३९ साली प्रभातच्याच दारात दिसला, तेव्हा शांता आपटे स्टुडिओच्या फाटकाशी उपोषणाला बसल्या. जी कंपनी माणसाला घडवत होती तीच त्याला बांधूनही ठेवत होती. म्हणून कंपन्यांचे दिवस परत आणा, असे मी म्हणत नाही. त्या काळाकडून घ्यायचे ते एवढेच, की शिकवणे तेव्हाच घडते जेव्हा ते कोणाची तरी ठरलेली जबाबदारी असते. ती जबाबदारी नेमून देताना उमेदवाराचे हक्कही लिहून ठेवता येतात. पूर्वी ते लिहिले गेले नाहीत म्हणून आजही लिहू नयेत, असे होत नाही.

तिसरा आक्षेप निर्मात्यांचा असतो: शिकवून तयार केलेला मुलगा दुसरीकडे जाणार, मग आम्ही खर्च का करावा? बाबूराव पेंटरांवर हा प्रसंग पुरेपूर आला होता. त्यांचे सर्वांत तयार साथीदार एकत्र बाहेर पडले, त्यांनी प्रतिस्पर्धी कंपनी काढली आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी त्यानंतर फार काळ तगली नाही. पण गोष्ट तिथे थांबत नाही. १९४७ चा ‘लोकशाहीर राम जोशी’ शांताराम यांच्या राजकमलने काढला आणि त्याच्या दिग्दर्शनात शांताराम यांच्याबरोबर बाबूराव पेंटर होते. गुरूला शिष्याच्या कंपनीत काम मिळाले. एका कंपनीचे नुकसान झाले, पण कोल्हापूर, पुणे, मुंबई मिळून साऱ्या धंद्याला त्या शिक्षणावर पुढची तीस वर्षे माणसे मिळाली. खर्च एकाने करायचा आणि फायदा सगळ्यांनी घ्यायचा, ही अडचण खरी आहे. म्हणूनच तो खर्च एकट्या निर्मात्यावर न टाकता धंद्याने मिळून उचलायला हवा.

आजच्या उन्हाळी इंटर्नशिपकडे या इतिहासातून पाहिले की तिची उणीव नेमकी दिसते. मुलांना चिकाटी नाही, हे कारण खोटे आहे. दोन महिन्यांच्या उमेदवाराला मुलाखतींचे शब्दांकन, संदर्भ गोळा करणे, कॉल शीट पोहोचवणे अशी कामे मिळतात. ती गरजेची असतात, पण त्यांच्या पुढची पायरी त्याला कोणी दाखवत नाही, कारण ऑगस्टमध्ये तो तिथे नसणार. मोबदला बहुधा नसतो किंवा नाममात्र असतो, त्यामुळे मुंबईत घर असलेल्यांना ही वाट सोपी आणि सांगली-नांदेडच्या मुलाला अवघड होते. जुन्या कंपन्यांत, त्यांचे सगळे दोष धरूनही, फत्तेलालांसारखा कागलच्या शेख घरातला तरुण पुढे येऊ शकला, कारण कामावर असताना पोटाची सोय होती. १९८१ च्या सिने-कामगार कायद्याने कथाचित्रपटाच्या निर्मात्यावर कामगाराशी लेखी करार करण्याचे बंधन घातले, पण बिनपगारी उमेदवार सहसा कोणत्याच कागदावर येत नाही. न्यूयॉर्कमध्ये ‘ब्लॅक स्वान’च्या सेटवर फुकट राबलेल्या इंटर्नांनी २०११ साली दावा लावला. २०१३ साली निकाल त्यांच्या बाजूने लागला, २०१५ साली वरच्या न्यायालयाने तो बाजूला ठेवला आणि कसोटी घालून दिली, ती अशी की या नात्यात मुख्य लाभ कोणाचा होतो ते पाहावे. आपल्याकडेही हाच प्रश्न विचारायला हवा. उमेदवाराची नेमणूक किमान एका चित्रपटाच्या किंवा मालिकेच्या एका पर्वाच्या अवधीची असावी, त्याला जगण्यापुरते मानधन मिळावे, त्याने कोणकोणत्या खात्यांत काम करायचे ते लिहून ठरावे आणि त्याला शिकवणाऱ्या ज्येष्ठ तंत्रज्ञाला त्या वेळाचे पैसे मिळावेत. निर्मात्यांच्या आणि तंत्रज्ञांच्या संघटना, महाविद्यालये आणि चित्रनगरी चालवणारे राज्य शासन यांनी मिळून एक निधी उभारला तर हे अशक्य नाही. पगारपत्रकाच्या गरजेतून जे एकेकाळी आपोआप झाले, ते आता ठरवून, नियम करून आणि पैसे मोजून करावे लागेल. तसे होत नाही तोवर उन्हाळ्यातल्या त्या दोन महिन्यांना शिक्षण म्हणण्याचा अधिकार धंद्याला नाही आणि त्यांचे गुण देण्याचा अधिकार महाविद्यालयांनाही नाही.