इंदापूरची जमीनपाहणी आणि मूलभूत क्रियाचिन्हे

संगणकाची आज्ञावली लिहावयास शिकणाऱ्या विद्यार्थ्यास प्रारंभीच बेरीज, वजाबाकी, गुणाकार व भागाकार यांची चिन्हे भेटतात. आणि ती शाळेपासून परिचित असल्यामुळे आपणांस ती समजली आहेत असे तो गृहीत धरतो. वस्तुतः ऑपरेटर म्हणजे केवळ एक चिन्ह नव्हे. कोणत्या राशीवर, कोणत्या क्रमाने, कोणती क्रिया करावयाची, याविषयीचा तो एक निश्चित संकेत होय. या संकेताचे मर्म कशात आहे, हे पुणे जिल्ह्यातील बारामती व इंदापूर या भागाच्या महसुली इतिहासावरून चांगले स्पष्ट होते.

१८१८ मध्ये पेशवाई संपुष्टात आल्यावर या प्रदेशाचा सारा ठरविण्याचे काम कंपनी सरकारकडे आले. हेलीबरी येथे शिकलेला रॉबर्ट कीथ प्रिंगल हा अधिकारी रिकार्डोच्या खंडसिद्धान्ताने प्रभावित झालेला होता. त्याची पद्धती दिसावयास सोपी होती: जमिनीच्या एकूण उत्पन्नातून लागवडीचा खर्च वजा करावा आणि उरलेल्या निव्वळ उत्पन्नाचे शेकडा ५५ सरकारने घ्यावे. येथे क्रम महत्त्वाचा आहे. उदाहरणादाखल उत्पन्न १० रुपये व खर्च ६ रुपये धरला, तर (१० − ६) × ५५ ÷ १०० म्हणजे २.२ रुपये सारा होतो. कंस विसरल्यास यंत्र गुणाकार-भागाकार आधी व वजाबाकी नंतर करते आणि उत्तर ६.७ रुपये येते; म्हणजे निव्वळ उत्पन्नाहूनही सारा अधिक! सी भाषेत ५५ ÷ १०० हा भागाकार पूर्णांकांत व प्रथमच केला, तर त्याचे उत्तर शून्य येते व सगळा साराच नाहीसा होतो. चिन्हे तीच, पण क्रम व राशींचा प्रकार बदलताच फल बदलते.

प्रिंगलच्या पाहणीचा दोष मात्र क्रियांच्या क्रमात नव्हता. एकूण उत्पन्न आणि लागवडीचा खर्च या दोन्ही राशी शेतात प्रत्यक्ष मोजता येण्याजोग्या नव्हत्या. त्या अंदाजाने व कनिष्ठ नोकरांच्या भरवशावर ठरविल्या गेल्या, आणि मोजणीतही मोठ्या चुका राहिल्या. अशा राशींवर अचूक क्रिया केल्यानेही चूक दूर होत नाही. उलट आकडेमोडीच्या शिस्तीमुळे तिला प्रामाण्य प्राप्त होते. १८३० च्या सुमारास हे दर लागू झाले. इंदापुरात जमिनी पडीक राहिल्या, सारा थकला आणि अनेक कुणब्यांनी गाव सोडले.

१८३५ मध्ये एच. ई. गोल्डस्मिड व लेफ्टनंट जॉर्ज विंगेट यांनी इंदापुरातच फेरपाहणी सुरू केली आणि १८३६ पासून तीस वर्षांच्या मुदतीचे नवे दर तेथे अमलात येऊ लागले. निव्वळ उत्पन्न शोधण्याचा प्रयत्न त्यांनी सोडून दिला. गावांच्या गटासाठी पूर्वीची वसुली, पाऊस, बाजारपेठ व रयतेची स्थिती पाहून कमाल दर ठरवावयाचा आणि जमिनीच्या तौलनिक प्रतीप्रमाणे तो प्रत्येक शेतावर वाटावयाचा, अशी ही रीत होती. १८४७ च्या संयुक्त अहवालात तिला सुव्यवस्थित रूप मिळाले. त्यात जमिनीच्या नऊ प्रती असून त्यांचे मोल अनुक्रमे १६, १४, १२, १०, ८, ६, ४॥, ३ व २ आणे आहे. मातीचा पोत, रंग व हातांत मोजलेली खोली यांवरून प्रत ठरे. उतार, वाळू, चुनखडीचे खडे यांसारखे दोष ठरावीक चिन्हांनी नोंदले जात, आणि प्रत्येक दोषाने जमीन एक प्रत खाली जाई.

हे दोषचिन्ह म्हणजे खरोखर एक ऑपरेटरच होय. ते आण्यांवर नव्हे, प्रतीवर क्रिया करते. पहिल्या प्रतीच्या जमिनीत एक दोष आढळला, तर मोल १६ वरून १४ होते, म्हणजे २ आणे घटते. सहाव्या प्रतीत मात्र ते ६ वरून ४॥ होते आणि घट दीड आण्याचीच असते. ‘दोष म्हणजे दोन आणे वजा’ असे समजणारा कारकून सातव्या प्रतीऐवजी ४ आण्यांचे मोल मांडील. चिन्हाचा अर्थ ज्या राशीवर ते लागू पडते तिच्यावाचून पुरा होत नाही, हे तत्त्व येथे हाती लागते.

शेताचे समान भाग पाडून त्यांच्या आण्यांची सरासरी काढली जाई. तीन भाग १६, १२ व ८ आण्यांचे असल्यास (१६ + १२ + ८) ÷ ३ म्हणजे १२ आणे होतात. कंस वगळल्यास शेवटच्या ८ चाच भागाकार होऊन ३०⅔ आणे येतात, आणि सोळा आण्यांच्या कमाल मोलास ते ओलांडतात! ४॥ ही राशीही बोधप्रद आहे. पंतोजींच्या शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी पाठ केलेल्या कुलकर्ण्यास अपूर्णांक अपरिचित नव्हता. सी भाषा मात्र ९ ÷ २ चे पूर्णांकी उत्तर ४ देते. पायथनच्या तिसऱ्या आवृत्तीत एका तिरप्या रेघेने ४.५ आणि दोन तिरप्या रेघांनी ४ मिळतात.

तथापि एक गोष्ट कोणत्याही क्रियाचिन्हाच्या कक्षेबाहेर राहते. तीस वर्षांची मुदत संपल्यावर १८६७ च्या सुमारास इंदापूरचे दर वाढविले गेले. पुढे १८७५ मध्ये सध्याच्या बारामती तालुक्यातील सुपे येथून सावकारांविरुद्धचे दंगे सुरू झाले, तेव्हा कर्जबाजारीपणाबरोबर या साऱ्यातील वाढीचीही चर्चा झाली. प्रतवारीच्या क्रिया निर्दोष असल्या, तरी कमाल दर किती असावा हे त्या सांगत नव्हत्या. तो निर्णय माणसांचा होता, आणि त्याचे उत्तरदायित्वही माणसांकडेच राहते.