घरच्यांना मज्जाव

आमच्या धर्मग्रामाच्या सणाला रात्री मंडपात हाऊजीचा खेळ होतो. काही वर्षांपूर्वीच्या सणाची गोष्ट. त्याच्या आदल्याच रविवारी आम्ही प्रवचनात जुगाराच्या व्यसनावर बोललो होतो. हाऊजीचे आकडे पुकारले जात असताना एक वयोवृद्ध धर्मबांधव आमच्या खुर्चीजवळ येऊन बसले आणि शेजारच्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "फादर, देवळाचा हाऊजी पुण्याचा आणि गोव्याचा कॅसिनो पापाचा, हे गणित आम्हांला एकदा समजावून सांगा." भोवती हशा पिकला. आम्हीही हसलो. परंतु त्या रात्री आम्हांस उत्तर सुचले नाही. गोव्याला जाऊन आलेल्या तरुणांकडून दुसराही प्रश्न कानी येतो: कॅसिनोमुळे रोजगार मिळतो, सरकारला कर मिळतो, मग वाईट ते काय? या दोन प्रश्नांची उत्तरे शोधत आम्ही इतिहासाची पाने चाळली. जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

प्रथम ख्रिस्तसभेची भूमिका स्पष्ट करू. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथात या विषयावर एक छोटासा परिच्छेद आहे. नशिबाचे खेळ किंवा पैजा मुळातच न्यायाविरुद्ध असतात असे तेथे म्हटलेले नाही. माणसाच्या स्वतःच्या आणि इतरांच्या गरजा भागविण्यासाठी जे आवश्यक, ते या खेळापायी हिरावले जाते तेव्हा तो अनैतिक ठरतो. आणि त्याची चटक ही गुलामगिरी होऊ शकते, असा इशारा तेथे दिला आहे. म्हणजे ख्रिस्तसभा पत्त्यांकडे किंवा चाकाकडे पाहत नाही. कुणाच्या ताटातला घास गेला, हे ती पाहते. आपल्या भूमीलाही हे ज्ञान नवे नाही. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात जुगाऱ्याचे सूक्त आहे आणि त्यात त्याच्या दुःखी पत्नीची व मातेची आठवण आहे. महाभारतातील द्यूतसभा तर आपल्या घराघरांत ठाऊक आहे. तेथेही पणाला लागली ती माणसे खेळणाऱ्याच्या घरचीच होती.

'कॅसिनो' हा शब्द इटालियन भाषेतला. 'कासा' म्हणजे घर आणि 'कॅसिनो' म्हणजे लहानसे घर. व्हेनिसच्या प्रजासत्ताकाने १६३८ साली 'रिदोत्तो' नावाचे सरकारमान्य जुगारगृह उघडले. कार्निव्हलच्या दिवसांत शहरभर चोरून चालणारा जुगार एका छताखाली आणावा, त्यावर देखरेख ठेवावी आणि तिजोरीतही भर पडावी, असा तो हिशेब होता. सव्वाशेहून अधिक वर्षे ते चालले आणि १७७४ साली व्हेनिसच्या महासभेनेच त्याला टाळे ठोकले. जुगार मात्र संपला नाही, तो खासगी 'लहान घरांत' शिरला. उघडल्याने चोरटा जुगार मिटत नाही आणि बंद केल्याने चटक सुटत नाही, हे दोन्ही धडे युरोपला तेव्हाच मिळाले होते.

कॅसिनोमुळे एखादा समाज खरोखर वर आला, याचे सर्वांत मोठे उदाहरण म्हणजे मोनाको. भूमध्य समुद्राच्या काठी वसलेले हे चिमुकले कॅथलिक संस्थान. मांतों आणि रोकब्रुन ही त्याची दोन गावे १८४८ साली बंड करून फुटली. लिंबे-संत्र्यांच्या बागांचा हा मुलूख अखेर १८६१ च्या तहाने चाळीस लाख फ्रँकांच्या मोबदल्यात फ्रान्सकडे गेला. राजपुत्र तिसरे चार्ल्स यांच्या हाती उरला तो बहुतेक खडक. कॅसिनोचा प्रयोग १८५६ पासून चालू होता, पण रस्ता नाही, रेल्वे नाही. गिऱ्हाईक येणार कोठून? १८६३ मध्ये फ्रांस्वा ब्लांक या व्यापाऱ्याला पन्नास वर्षांचा परवाना देण्यात आला. जर्मनीतील हॉम्बुर्ग येथे त्याने हाच धंदा भरभराटीला आणला होता. ज्या पठारावर कॅसिनो उभा राहिला त्याला १८६६ साली राजपुत्रांच्या नावावरून 'मोंते कार्लो' असे नाव मिळाले. १८६८ मध्ये रेल्वे आली आणि पुढल्याच वर्षी, १८६९ साली, राजपुत्रांनी प्रजेवरील प्रत्यक्ष कर रद्द केले. १८७२ च्या अखेरीस जर्मनीतील जुगारगृहे बंद झाली, तेव्हा तिकडचे धनिकही मोनाकोकडे वळले.

ब्लांकच्या यशात जादू नव्हती, साधा गुणाकार होता. त्याच्या रूलेटच्या चाकावर शून्य धरून सदतीस घरे असतात. समजा, आपण प्रत्येक घरावर शंभर रुपये ठेवले. एकूण सदतीसशे झाले. चेंडू कोठल्याही घरात पडो, आपल्या हाती परत येणार ते छत्तीसशे. शंभर रुपये मालकाचे. एखादा खेळाडू एका रात्रीत श्रीमंत होतो हे खरे. पण असंख्य रात्रींचा हिशेब मालकाच्या वहीत आधीच लिहिलेला असतो. चाकावर तांबडी आणि काळी घरे असतात, आणि 'ब्लांक' म्हणजे पांढरा. म्हणून त्या काळचे लोक थट्टेने म्हणत की कधी तांबडा जिंकतो, कधी काळा, पण पांढरा नेहमीच जिंकतो.

मग मोनाकोच्या प्रजेचे भले झाले की नाही? झाले, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. रस्ते झाले, हॉटेले झाली, कर गेला. मात्र याच व्यवस्थेत आणखी एक नियम आहे आणि तो आजही पाळला जातो: मोनाकोच्या नागरिकाला या कॅसिनोत जुगार खेळण्यास मनाई आहे. ज्यांच्या कल्याणासाठी हे घर बांधले, त्यांनाच त्या घरात मज्जाव! आत जे चालते ते आपल्या लेकरांना सोसवणार नाही, हे घरधन्याला पहिल्यापासून ठाऊक होते. नुकसान व्हायचे ते परक्यांचे व्हावे, अशी ही योजना होती.

त्या परक्यांचे काय होई? सर्वस्व हरलेल्या खेळाडूला कॅसिनोकडून गावी परतण्यापुरते प्रवासभाडे दिले जाई. दिवाळे निघालेला माणूस मोनाकोत रेंगाळू नये, तेथे त्याने जिवाचे बरेवाईट करून घेऊ नये आणि बोभाटा होऊ नये, हा त्यामागचा हेतू. या पैशाला फ्रेंच भाषेत 'व्हियातिक' म्हणत. सेमिनरीत लॅटिन शिकताना आम्ही 'व्हियातिकुम' हा शब्द घोकला होता. मरणासन्न माणसाला आपण जे अखेरचे ख्रिस्तशरीर देतो, त्या महाप्रवासाच्या शिदोरीचे ते नाव. शब्द एकच. एक शिदोरी माणसाला पित्याच्या घराकडे नेण्यासाठी. दुसरी त्याला आपल्या दारातून दूर करण्यासाठी. भाडे मिळालेला तो माणूस आगगाडीत बसून आपल्या गावी जाई आणि पुढची कहाणी त्याच्या बायकोमुलांच्या वाट्याला येई. मोनाकोच्या जमाखर्चात तिची नोंद कधीच झाली नाही.

दुसरे उदाहरण अटलांटिक महासागराच्या पलीकडचे. अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात अटलांटिक सिटी नावाचे शहर आहे. १८५४ मध्ये रेल्वे आली आणि १८७० साली समुद्रकाठी फळ्यांचा प्रसिद्ध रस्ता बांधला गेला, तेव्हापासून ते सुट्टी घालविण्याचे मोठे ठिकाण झाले. 'मोनोपॉली' या घरगुती खेळाच्या मूळ पटावरील रस्त्यांची नावेही याच शहराची. पुढे विमाने आली, लोक दूरदूर जाऊ लागले आणि शहर ओस पडू लागले. १९७४ च्या राज्यव्यापी मतदानात लोकांनी कॅसिनो नाकारले. परंतु १९७६ मध्ये ते केवळ याच शहरापुरते असतील असे सांगितल्यावर कौल मिळाला. जुने शहर पुन्हा उभे राहील आणि कराचे पैसे वृद्धांच्या व अपंगांच्या सोयींसाठी वापरले जातील, अशी वचने होती. २६ मे १९७८ रोजी पहिला कॅसिनो उघडला, तेव्हा दाराशी रांगा लागल्या.

सर्व वचने खोटी ठरली असे म्हणणे अन्यायाचे होईल. उत्पन्नावरील आठ टक्के कर खरोखर वृद्धांच्या व अपंगांच्या निधीत गेला. नव्वदीच्या दशकाच्या उत्तरार्धात सुमारे पन्नास हजार लोक तेथील कॅसिनोंत नोकरी करीत होते. पण शहराचे काय झाले? कॅसिनोंच्या इमारतींनी तोंडे आत वळवली होती. जेवण आत, करमणूक आत, निजणे आत. पाहुणा बसने येई, आत शिरे आणि बसने परत जाई. दोन गल्ल्या पलीकडच्या खानावळीत किंवा दुकानात तो फिरकत नसे. अब्जावधी डॉलरांची उलाढाल करणाऱ्या या शहरात कित्येक वर्षे रहिवाशांना भाजीपाला आणि किराणा घेण्यासाठी एकही पूर्ण स्वरूपाचे सुपरमार्केट नव्हते. १९७० च्या जनगणनेत ४७,८५९ लोकसंख्या होती. २०२० मध्ये ती ३८,४९७ झाली.

२००६ साली तेथील कॅसिनोंचे उत्पन्न शिखराला पोहोचले, सुमारे ५२० कोटी डॉलर. त्याच वर्षी शेजारच्या पेनसिल्व्हेनिया राज्यात कॅसिनो उघडू लागले आणि गिऱ्हाईक घराजवळ थांबले. २०१४ या एका वर्षात अटलांटिक सिटीतील बारापैकी चार कॅसिनो बंद पडले आणि सुमारे आठ हजार लोकांच्या नोकऱ्या गेल्या. २०१६ मध्ये कर्जात रुतलेल्या नगरपालिकेचा कारभार राज्य सरकारने आपल्याकडे घेतला. २०१८ साली बंद पडलेल्या दोन इमारती नव्या मालकांनी पुन्हा सुरू केल्या, हेही नमूद केले पाहिजे. परंतु एकाच खांबावर उभे केलेले छप्पर किती डळमळते, हे त्या शहराने पाहिले. मोनाकोने हळूहळू इतर व्यवसाय वाढविले आणि आज त्याच्या तिजोरीत जुगाराचा वाटा अल्प आहे. अटलांटिक सिटीला ते साधले नाही.

आता आपल्या अंगणाकडे वळू. गोव्याच्या जुगारविरोधी कायद्यात १९९२ साली दुरुस्ती होऊन पंचतारांकित हॉटेलांत जुगाराच्या यंत्रांना मुभा मिळाली. १९९६ च्या दुरुस्तीने जहाजांवरील जुगारालाही वाट करून दिली. पहिले तरंगते जुगारगृह २००१ साली आले. कायद्याची भाषा किनाऱ्यापासून दूर असलेल्या जहाजांची. प्रत्यक्षात ती जहाजे पणजीसमोर मांडवी नदीतच नांगरून उभी राहिली. गोव्याच्या ख्रिस्तसभेने वेळोवेळी विरोध नोंदविला. रोजगार आणि महसूल हे सरकारचे उत्तर होते, आणि त्यात तथ्यच नाही असे आम्ही म्हणत नाही. त्या जहाजांवर काम करून घर चालविणारी मुले-मुली आहेत. पण फेब्रुवारी २०२० पासून त्याच सरकारने गोमंतकीयांना कॅसिनोत खेळण्यास बंदी केली. सिंगापूरने २०१० मध्ये कॅसिनो उघडले तेव्हा परदेशी पाहुण्यांना प्रवेश मोफत ठेवला आणि स्वतःच्या नागरिकांकडून शंभर डॉलर घेतले. २०१९ पासून दीडशे. मोनाको, सिंगापूर, गोवा: तीन खंडांतील नव्हेत, पण तीन निराळ्या काळांतील, निराळ्या घडणीची ही सरकारे एकाच निष्कर्षाला आली. घरच्यांना मज्जाव! कॅसिनोमुळे हित होते की अहित, या प्रश्नाचे याहून प्रामाणिक उत्तर कोणत्या समितीने दिले असते?

महाराष्ट्रानेही १९७६ साली कॅसिनोंचा कायदा केला होता. तो कधी अमलात आला नाही आणि २०२३ मध्ये रद्दच झाला. म्हणून आपण सुटलो असे समजण्याचे कारण नाही. मोनाकोच्या आगगाडीप्रमाणे कोकण रेल्वेही दोन्ही दिशांना धावते. गोव्याच्या दारावरील पहारेकरी गोमंतकीयाला अडवतो; आपल्या मुलांना तो सलाम करून आत घेतो. कारण त्या जमाखर्चात परके आता आपण आहोत.

पापनिवेदनात ऐकलेले आम्ही कधी लिहिणार नाही. ही हकीगत आमच्या कार्यालयात, दिवसाउजेडी सांगितली गेली. एक सासू आणि सून समोर बसल्या होत्या. घरचा तरुण मित्रांसोबत तीन-चार वेळा गोव्याला गेला होता. आधी दुकानाचे भांडवल गेले, मग सुनेचे सोने. सासूबाईंनी एकच विचारले, "फादर, ही गोष्ट कोणाला सांगायची? तिथले लोक तर आम्हांला ओळखतही नाहीत." आमच्यापाशी उत्तर नव्हते. आजूबाजूच्या समाजावर कॅसिनोचा काय परिणाम होतो, असे अभ्यासक विचारतात. पण कॅसिनोचा 'आजूबाजू' कुठवर पसरलेला असतो? आमच्या त्या कार्यालयापर्यंत तो पोहोचला होता. एका शास्त्र्याने प्रभू येशूला शेजारी कोण, असे विचारले तेव्हा प्रभूने नकाशा काढला नाही. वाटेवर जखमी होऊन पडलेल्या माणसाची गोष्ट सांगितली. तो माणूसही प्रवासी होता, तेथला रहिवासी नव्हता.

आता राहिला आमच्या वयोवृद्ध मित्राचा प्रश्न. देवळाच्या हाऊजीत आणि कॅसिनोत फरक आहे, पण तो देवळाच्या नावाने आपोआप पडत नाही. तो राखावा लागतो. तिकिटाची किंमत चहाच्या कपाएवढी असेल, हरलेला हसत घरी जाईल, जमलेला पैसा कुठे गेला हे सर्वांना कळेल, तोवर तो खेळ. एरवी आमच्या मंडपातही चाक फिरू लागले असे समजावे. त्यानंतरच्या सणाला आम्ही रोख बक्षिसे बंद करून वस्तू ठेवल्या, एका घराला किती तिकिटे द्यायची याची मर्यादा घातली आणि पुढच्या रविवारी मिस्साबलीनंतर सगळा हिशेब वाचून दाखविला. जमा गेल्या वर्षीपेक्षा कमी झाली. काही कार्यकर्ते नाराज झाले. आमचे वृद्ध मित्र मात्र हिशेब संपेपर्यंत उभे होते. बाहेर पडताना म्हणाले, "फादर, गणित आता थोडं जुळलं." त्यांच्या हातात हाऊजीत जिंकलेली स्टीलची बादली होती.