मनुकांचे सरबत आणि वाईनची परीक्षा



गेल्या सुक्कोथनंतर आम्ही उभयता मुलाकडे अमेरिकेला गेलो होतो. तो पेनसिल्व्हेनिया राज्यातील स्टेट कॉलेज येथे असतो. नाव कॉलेजचे वाटते, पण ते गाव आहे. १८५५ साली शेतकऱ्यांच्या मुलांसाठी तेथे शाळा निघाली, तिचे पुढे मोठे विद्यापीठ झाले आणि त्याच्याभोवती गाव वसले. चहूकडे लांबच लांब डोंगर, मध्ये मक्याची शेते. तेथे एका शनिवारी रात्री, हाब्दाला झाल्यावर, मुलाच्या मित्रमंडळींनी घरीच वाईनची परीक्षा ठेवली. सहा बाटल्या कागदात गुंडाळून त्यांवर आकडे घातले होते. प्रत्येकाच्या हातात एक तक्ता : रंग, वास, चव, घोट गिळल्यावर मागे काय उरते ते, आणि शेवटी २० पैकी गुण.

बाटल्या कुठल्या हे शेवटी कळायचे होते. एक लेक एरीच्या काठची, कॉन्कर्ड द्राक्षांची. दुसरी जवळच्याच सेंटर हॉल गावची. तेथे डोंगराच्या उतारावर द्राक्षमळा आहे. एक गोलानची, एक फ्रान्सची, एक कॅलिफोर्नियाची, आणि एक नाशिकची, जी कोणीतरी कपड्यांत गुंडाळून बॅगेतून आणली होती. माझ्यापुरते सांगतो : हेक्षेर असलेल्या बाटल्या कोणत्या हे मुलाने मला आधीच कानात सांगितले होते. त्याच मी ओठाला लावल्या, बाकीच्यांचा नुसता वास घेतला. वासाचेही गुण असतात, तेव्हा अगदीच रिकामा राहिलो नाही.

माझ्या पत्नीने शब्बाथसाठी केलेले काळ्या मनुकांचे सरबत थोडे उरले होते. तिने ते हौसेने सातवा पेला म्हणून मांडले. पाहुण्यांत एक वयस्क यहुदी गृहस्थ होते, बोलायला फार सौम्य. त्यांनी घोट घेतला, छान आहे म्हणाले, आणि पुढे म्हणाले की ही काही वाईन नव्हे. तुमच्या लोकांना खरी वाईन मिळत नव्हती, म्हणून ही गरिबाची सोय. त्यांच्या तक्त्यावर सातव्या आकड्यापुढे त्यांनी रेघ ओढली. पत्नी काही बोलली नाही. पेला उचलून तिने आत नेऊन ठेवला.

मलाही त्या वेळी उत्तर सुचले नाही. अश्दोदला परत आल्यावर पुस्तके काढून बसलो, त्याचे हे टिपण.

कोणत्या प्रदेशाची वाईन वरची आणि कोणत्या प्रदेशाची खालची, हे ठरविण्याची कला फ्रेंचांची असे आपण समजतो. २० गुणांचा तो तक्ता तर गेल्या शतकात कॅलिफोर्नियातील डेव्हिसच्या प्राध्यापकांनी बसविला. २४ मे १९७६ रोजी पॅरिसमध्ये झाकलेल्या बाटल्यांची परीक्षा झाली. तीत फ्रेंच परीक्षकांनीच कॅलिफोर्नियाच्या वाईनला पहिला क्रमांक दिला आणि मोठा गहजब झाला. पण आपल्या मिश्नामध्ये, मेनाहोथच्या आठव्या अध्यायात, अशी क्रमवारी सुमारे १८०० वर्षांपासून लिहिलेली आहे. बेथ हमिकदाशमध्ये वेदीवर ओतायची वाईन कोठून आणीत? केरूथीम आणि हातुलीम ही गावे वाईनसाठी ‘अल्फा’. हा शब्दही तेथे ग्रीकच आहे, पहिल्या अक्षराचा. त्यांच्या खालोखाल डोंगरातील बेथ रिमा आणि बेथ लाबान, आणि खोऱ्यातील केफार सिग्ना. गंमत म्हणजे यांतली काही गावे आज नक्की कोठे होती यावर विद्वानांचे एकमत नाही. अल्फा म्हणून नाव राहिले, गाव हरवले.

परीक्षा कशी घेत, हेही तेथेच आहे. वाईन मोठ्या रांजणात ठेवीत नसत, लहान मडक्यांत ठेवीत. मडके तोंडापर्यंत भरत नसत, म्हणजे वास आत फिरतो. वरची वाईन घ्यायची नाही, कारण तिच्यावर बुरशीसारखी साय येते. तळची घ्यायची नाही, कारण तेथे गाळ असतो. मधल्या तिसऱ्या हिश्शातून घ्यायची. खजिनदार हातात बोरू घेऊन शेजारी बसे, आणि गाळ वर येऊ लागला की बोरू आपटी : पुरे, थांबा. स्टेट कॉलेजच्या आमच्या बैठकीत बाटली ओतणाऱ्याने शेवटचा बोटभर भाग तसाच ठेवला होता. त्यालाही कोणीतरी हेच शिकविले असणार.

आता महत्त्वाची गोष्ट. गावांची क्रमवारी सांगून झाल्यावर मिश्ना म्हणते की सर्व प्रांतांची वाईन चालत असे, फक्त येथून आणण्याचा प्रघात होता. म्हणजे पहिला नंबर वेगळा आणि कशेर असणे वेगळे. हाच भेद पुढे वाईनच्या जातींनाही लावला आहे. उन्हात गोड केलेली वाईन आणू नये. पण आणली तर चालते. शिजविलेली किंवा धुराचा वास लागलेली मात्र आणली तरी बाद. आणि तल्मूदात, बाबा बाथ्रा या ग्रंथात, ‘आणू नये, पण आणली तर कशेर’ या यादीत मनुकांच्या वाईनचे नाव स्पष्ट आले आहे. वेदीवर जी चालते ती किद्दूशला चालणारच, असा तेथील युक्तिवाद आहे.

शुल्हान आरूखने यावर एक अट घातली आहे. मनुका इतक्या रसदार हव्यात की दाबल्यावर त्यांतून मध निघाला पाहिजे. ‘मध’ हा शब्द माझा नव्हे, तेथलाच आहे. नुसते पाण्याला रंग आला म्हणजे भागत नाही. माझी आई पेणच्या घरी मनुका विकत घेताना एक दाणा बोटांत दाबून पाहत असे, आणि कोरडा लागला तर दुकानदाराला परत देई. शुल्हान आरूख तिने कधी उघडले नव्हते.

कोकणात द्राक्षे होत नाहीत. चार महिने पाऊस कोसळतो, वेलीला बुरशी लागते. घाटावर होतात, पण घाट उतरून ताजी द्राक्षे तेलघाण्यावर राबणाऱ्या माणसाच्या घरी कशी यावीत? मनुका मात्र टिकतात. इराण-अफगाणिस्तानकडचा सुका मेवा मुंबईच्या बाजारात येत असे. कोचीनच्या यहुद्यांकडेही मनुकांचीच वाईन असे. आणि एक विचार करून पाहा. कोकणात माडी होती, ताडी होती, दारापुढच्या झाडावरून उतरणारी, स्वस्त. केवळ सोयच पाहायची असती तर पेल्यात तीच आली असती. पण बेराखा ‘पेरी हग्गेफेन’ची आहे, द्राक्षवेलीच्या फळाची. म्हणून गाठीचे पैसे मोडून मनुका आणल्या. याला मी गरिबाची सोय म्हणणार नाही.

त्या गृहस्थांच्या देशाचीही हकीकत पाहण्यासारखी आहे. १८३० च्या दशकात न्यूयॉर्कचे पत्रकार मोर्देकाय नोहा (जन्म १७८५, फिलाडेल्फिया, म्हणजे त्याच पेनसिल्व्हेनियात) यांनी पेसाहसाठी मनुका भिजवून पेय करण्याची घरोघरची रीत प्रसिद्ध केली होती. दारूबंदीवाल्या ख्रिस्ती मंडळींना त्यामुळे आयताच पुरावा मिळाला की पवित्र पेल्यात नशा नसतेच, आणि त्यावर बरीच वर्षे वाद रंगला. पूर्व युरोपातून आलेली कुटुंबेही मनुकांची वाईन घरी करीत. पुढे १९२० साली दारूबंदी आली. धार्मिक कामासाठी वाईनची सूट होती, पण त्या सुटीच्या नावाखाली काळाबाजार झाला आणि समाजाची अब्रू जाऊ लागली. तेव्हा १९२२ साली प्राध्यापक लुई गिन्झबर्ग यांनी निर्णय लिहिला की न आंबविलेल्या द्राक्षरसावरही किद्दूश होतो. म्हणजे अमेरिकेचे मोठे पंडित जेथे पोचले, तेथे आमच्या आज्या आधीच बसल्या होत्या.

दारूबंदी १९३३ मध्ये उठली, तरी पेनसिल्व्हेनियात वाईन विकण्याचा कारभार सरकारने आपल्याच दुकानांत ठेवला. १९६८ च्या कायद्याने लहान द्राक्षमळेवाल्यांना स्वतःची वाईन थेट विकता येऊ लागली, म्हणून सेंटर हॉलसारख्या ठिकाणी मळे दिसतात. पण अमेरिकन यहुद्यांच्या टेबलावर पिढ्यान्‌पिढ्या असायची ती कॉन्कर्डची वाईन. हे द्राक्ष एफ्रेम बुल नावाच्या माणसाने १८४९ साली मॅसॅच्युसेट्समध्ये तयार केले. ते थंडीला दाद देत नाही, पण वाईन आंबट होते आणि तिला एक उग्र वास असतो, म्हणून साखर घालावी लागते. जाणकार या वाईनला नाके मुरडतात. आमच्या बैठकीतही क्रमांक एकला सर्वांत कमी गुण मिळाले. कागद सोडल्यावर ती कॉन्कर्ड निघाली, तेव्हा तेच गृहस्थ हसून म्हणाले की माझ्या वडिलांच्या सेदेरला हीच असायची. तिच्यापुढे मात्र त्यांनी रेघ ओढली नव्हती, ७ गुण दिले होते.

मला राग ७ आणि १७ यांचा नाही. सरबताला ५ दिले असते तरी चालले असते. ते गोड आहे, पातळ आहे, मागे फार काही उरत नाही. रेघेचा राग आला. यादीतच नाही, असे म्हणण्याचा. आपल्या समाजाने ही रेघ एकदा पाहिली आहे. ज्यांना १९६४ चा ऑगस्ट आठवतो, क्नेसेथने बेने इस्राएल सर्व बाबतींत यहुदी आहेत असा ठराव केला तो, त्यांना जास्त सांगायला नको.

इकडे इस्राएलमध्ये चांगली वाईन कोपऱ्यावरच्या दुकानात मिळते. गोलानची मलाही आवडते. त्या रात्री तिला मी १६ दिले. सरबत मात्र आपल्या घरांतून उठत चालले आहे. मलिद्याच्या दिवशीसुद्धा बाटलीतला तयार रस येतो.

सून परवा फोनवर रीत विचारीत होती. तिला कॅलिफोर्नियाच्या मनुका मिळाल्या आहेत. तेल लावलेल्या घेऊ नकोस, काळ्या घे, दाणा दाबून बघ, एवढे सांगितले. गुरुवारी रात्री धुऊन भिजत घालायच्या, शुक्रवारी दुपारी हाताने चुरायच्या आणि स्वच्छ पांढऱ्या फडक्यातून पिळून गाळायच्या. पाणी किती, असे तिने विचारले, तेव्हा मी फोन पत्नीकडे दिला.